घंटेचा दोर कोणी धरायचा?

मराठीत 'घंटा' या शब्दाला हल्ली बरे दिवस नाहीत. कॉलेजातल्या पोराला विचारा, काय रे, काय मिळालं? तो म्हणतो, "घंटा!" म्हणजे काहीच नाही. एवढ्या वजनाचं, मैलभर ऐकू जाणारं हे वाद्य आपल्या बोलीत चक्क 'शून्य' या अर्थाला येऊन पोचलं, याचं मला नेहमी नवल वाटतं. कदाचित आपण घंटा वाजवतो त्या पद्धतीतच त्याचं कारण असेल. देवळात शिरताना हात वर करायचा, एक ठोका द्यायचा आणि पुढे व्हायचं. देवा, मी आलो. मागून येणारा आपला ठोका देतो. त्याच्या मागचा आपला. या ठोक्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. असावा असं कोणाला वाटतही नाही.

वसईच्या घंटांचंच बघा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही टांगलेल्या आहेत. घंटा आल्या, पण वाजवण्याची रीत आपलीच राहिली. आणि इथे गोव्यात तरी काय वेगळं? जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधली 'सोन्याची घंटा' प्रसिद्धच आहे. पणजीच्या चर्चमधली मोठी घंटा मूळची ऑगस्टिनियन मठाची. मठ ओस पडल्यावर ती आग्वादच्या दीपगृहात गेली, आणि १८७१ साली पणजीत आली. तिन्हीसांजेची घंटा ऐकून देवापुढे दिवा लावणाऱ्या आया-आज्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. गावात कोणी गेलं की चर्चची घंटा निराळी वाजते, हेही आपल्याला न सांगता कळतं. पण तिथेही एक माणूस आणि एक दोर. बस.

इंग्लंडात मात्र घंटेचं काहीतरी भलतंच झालं. आज त्याबद्दलच लिहितो आहे, कारण त्यात आपल्या देवळांनी घेण्यासारखं काहीतरी आहे असं माझं ठाम मत आहे. मत पटलं नाही तरी गोष्ट ऐकायला हरकत नाही.

तिकडच्या चर्चच्या मनोऱ्यात एक घंटा नसते. पाच, सहा, आठ, मोठ्या ठिकाणी दहा-बारा असतात, लहान ते मोठी अशा सुरात लावलेल्या. प्रत्येक घंटा एका मोठ्या लाकडी चाकाला जोडलेली, आणि चाकावरून दोर खाली खोलीत सोडलेला. एका घंटेला एक माणूस. वाजवायच्या आधी घंटा झुलवत झुलवत पार उलटी करतात, तोंड आभाळाकडे. मग दोर ओढला की ती गर्रकन पूर्ण फेरी घेते, ठोका पडतो, आणि पुन्हा तोंड वर करून क्षणभर थांबते. पुढच्या ओढीला उलट दिशेने फेरी. आता यातली गंमत अशी की दोर ओढल्याबरोबर आवाज होत नाही. पाच-सातशे किलोंचं धूड फिरायला वेळ लागतो. म्हणजे ठोका पडायला हवा त्याच्या किती आधी ओढायचं, याचा अंदाज हाताला आणि कानाला असावा लागतो. आणि एवढ्या जड घंटेवर धून वाजवता येत नाही. ती हवी तेव्हा लवकर, हवी तेव्हा उशिरा वाजत नाही, थोडीफारच मागेपुढे सरकते.

मग या लोकांनी काय केलं? धूनच सोडून दिली. आधी सगळ्यात बारीक घंटा, शेवटी सगळ्यात मोठी, अशी उतरती ओळ वाजवायची, आणि मग दर ओळीत शेजारच्या घंटांची जागा बदलायची. एक-दोन-तीन-चार-पाच-सहाचं दोन-एक-चार-तीन-सहा-पाच. एकदा वाजलेली ओळ पुन्हा येता कामा नये. पाच घंटांचे १२० क्रम होतात, सहांचे ७२०, सातांचे ५०४०. आठांचे ४०३२०! गणित शिकलेल्यांना हे सांगायला नको. पण गंमत म्हणजे हे खेळ तिकडे सतराव्या शतकात सुरू झाले. त्यावरचं पहिलं पुस्तक १६६८ चं आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्याही आधीचं. सात घंटांचे सगळे ५०४० क्रम वाजवायला तीनेक तास लागतात. १७१५ साली नॉरिचच्या एका चर्चमध्ये ते वाजवल्याची नोंद आहे. आठांचे सगळे क्रम एकाच संघाने, माणूस न बदलता, मनोऱ्यात एकदाच वाजवले आहेत. १९६३ च्या जुलैमध्ये, लफबरोच्या घंटांच्या कारखान्यात. सुमारे अठरा तास. त्या आठ जणांचं जेवणखाण काय झालं असेल देव जाणे!

(डोरोथी सेयर्सबाईंची १९३४ ची 'द नाइन टेलर्स' ही रहस्यकथा मिळाली तर जरूर वाचा. खून वगैरे आहेच, पण खरी नायिका घंटाच.)

माझा भाचा डेव्हन परगण्यात, एक्सेटरला असतो. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. त्याची शेजारीण, हॉस्पिटलात नर्स, तिच्या गावच्या मनोऱ्यात घंटा वाजवते. एका शनिवारी त्यांच्या संघाची स्पर्धा होती. "मामा, तुम्हाला देवळांचं वेड ना, मग चला," म्हणून भाच्याने आम्हाला गाडीत घातलं. स्पर्धा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि प्रमुख पाहुणे उभे राहिले. तिथे गेल्यावर यातलं काहीच दिसेना. लहानसं गाव, दगडी चर्च, भोवती कबरस्तान आणि हिरवळ. हिरवळीवर पन्नास-साठ माणसं पसरलेली. कोणी गवतावर, कोणी भिंतीवर, कोणी चक्क कबरीच्या दगडाला टेकून. काही जण डोळे मिटून बसलेले. मला वाटलं प्रार्थना चालली असेल. ते ऐकत होते.

डेव्हनचा प्रकार बाकीच्या इंग्लंडाहून जरा वेगळा. इतरत्र वाजवणारे क्रमांचा पूर्ण आराखडा पाठ करतात. डेव्हनात पुढारी मोठ्याने सांगतो, कोणती घंटा कोणाच्या मागे जाणार, आणि त्याप्रमाणे दोघांची अदलाबदल होते. ऐकायला सोपं वाटतं. तिथले जाणकार म्हणतात, क्रम सोपा ठेवला म्हणजे चूक लपायला जागा उरत नाही. शिवाय घंटा खालून वर चढवणं आणि शेवटी उतरवणं, हेही स्पर्धेतच धरतात. सुरुवातीला घंटा थोड्याच झुलतात, म्हणून ठोके भरभर, एकमेकांना चिकटून. जसजशा चढतात तसतसा वेग कमी होतो. या सगळ्या चढणीत सहाही घंटांमधलं अंतर सारखं राहिलं पाहिजे. विलंबित ते द्रुत जाणारे गायक आपण ऐकतो. इथे द्रुतापासून विलंबितापर्यंत जायचं, मधे साठ बदल करायचे, आणि परत द्रुतात येऊन थांबायचं. पंधरा-वीस मिनिटांचा मामला. सहा जण, सहा दोर, आणि दोन ठोक्यांमध्ये सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा.

त्या नर्सबाईंच्या संघात कोण होतं? एक शेतकरी, एक निवृत्त पोस्टमन, शाळेत गणित शिकवणारा एक मास्तर, दुकानात काम करणारी एक बाई, आणि सोळा वर्षांची एक मुलगी. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरला होता. यांचा नंबर सातवा. तोवर ते इतरांचं ऐकत हिरवळीवर बसले. बोलणं जवळजवळ नाही. मधेच पोस्टमन बोट उचलायचा, मास्तर मान हलवायचा. कोणाची तरी चौथी घंटा मागे पडत होती म्हणे. मला काही कळलं नाही! चौथ्या-पाचव्या संघापासून मात्र थोडंथोडं कळायला लागलं. माळेत एक मणी जरा सरकावा तसा एखादा ठोका शेजारच्याला चिकटायचा, आणि मग आपल्याच अंगावर काटा यायचा.

यांची पाळी आली तेव्हा सहाही जण उठून मनोऱ्याच्या दारातून आत गेले आणि दिसेनासे झाले. हेच मला सगळ्यात विशेष वाटलं. वाजवणारे कोणाला दिसत नाहीत. आणि परीक्षक? चर्चसमोरच्या एका घरात, पडदे ओढून बसलेले. कुठला संघ वाजवतो आहे हे त्यांना माहीत नाही. कळू नये म्हणूनच त्यांना तिथे बसवलेलं. त्यांच्यापुढे कागद-पेन्सिल. पाव चूक, अर्धी चूक, एक चूक, अशी नोंद. कोणाचा पोशाख कसा, कोण कोणाचा मुलगा, कुठल्या गावाने गेल्या वर्षी ढाल नेली, यातलं काही त्या पडद्यातून आत जात नाही. आत जातो तो फक्त आवाज. खरं म्हणजे दोन आवाजांमधलं अंतर.

नऊ संघ झाल्यावर गावच्या हॉलमध्ये चहा. सँडविच, केक, आणि किटल्यांतून ओतलेला तो तांबडा चहा. मग परीक्षक आले आणि प्रत्येक संघाबद्दल बोलले, नावाने नाही, नंबराने. पहिल्या नंबरावर वाजवणाऱ्यांची उतरण्याची सुरुवात घाईत झाली. तिसऱ्यांची मोठी घंटा छान, पण बारीक तिच्यापासून फटकून. हे सगळं सांगून झाल्यावर शेवटच्या क्रमांकापासून वर वर निकाल. आमची मंडळी चौथी. पहिल्या आणि दुसऱ्या संघात फरक अर्ध्या चुकीचा! बक्षीस म्हणजे एक ढाल, तीही वर्षभर ठेवून परत द्यायची. भाषण एकही नाही. हे लिहिताना मला अजून खरं वाटत नाही, पण खरोखर एकही नाही.

आता कोणी म्हणेल, वा, इंग्रज किती शिस्तीचे, आणि आम्ही किती बेशिस्त. थांबा. हे असं पहिल्यापासून नव्हतं, आणि माझा मुद्दा तिथेच आहे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांत घंटा वाजवणारे म्हणजे पैसे घेऊन वाजवणारे लोक. बहुतेक मोलमजुरी करणारे. सणासुदीला, लग्नाला, निवडणुकीतल्या विजयाला वाजवायचं आणि मिळालेल्या पैशाची बिअर प्यायची. मनोऱ्यात पिंपं नेऊन प्यायची. स्पर्धा तेव्हाही होत्या, पण पुष्कळदा दारूच्या गुत्तेवाल्यांनी धंदा व्हावा म्हणून भरवलेल्या, बक्षीस म्हणून सोनेरी किनारीच्या टोप्या. पाद्री खाली प्रवचन देणार आणि वाजवणारे वरच्या वर गुत्त्यात जाणार. दोघांचं हाडवैर. प्रतिष्ठित घरातला माणूस दोराला हात लावायचा नाही.

या वैतागातून एक यंत्र जन्माला आलं. ग्लॉस्टरशरमधल्या बिटन गावचे पाद्री एलाकोम यांनी १८२१ साली एक चौकट बनवली. सगळ्या घंटांचे दोर तिच्यात आणून अडकवायचे, आणि वर घंटा स्थिर ठेवून हातोड्यांनी वाजवायच्या. एकटा माणूस सगळ्या घंटा वाजवू शकतो. त्या सहा बेवड्यांची गरजच नाही! कल्पना लोकांना आवडली, पुष्कळ चर्चमध्ये या चौकटी बसल्या.

पण पुढे झालं काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही पाद्र्यांनी आणि गावकऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. वाजवणाऱ्यांना हाकलण्याऐवजी मनोऱ्याचं दार उघडलं. मास्तर आले, कारकून आले, खुद्द पाद्री दोर ओढायला शिकले. जिल्ह्याजिल्ह्यात संघटना निघाल्या. डेव्हनची १८७४ ची. १८९१ मध्ये सगळ्यांची मध्यवर्ती परिषद झाली. बायकांना आधी प्रवेश नव्हता. त्यांनीही तो मिळवला, आणि १९१२ मध्ये स्वतःची संघटना काढली. पोटासाठी करायचं काम होतं ते आवडीने करायचं काम झालं. आठवड्यातून एक संध्याकाळ सराव, रविवारी सकाळी वाजवणं, आणि अधूनमधून स्पर्धा. एलाकोमसाहेबांच्या चौकटी कितीतरी मनोऱ्यांत भिंतीला अजून आहेत, बऱ्याचशा धूळ खात. यंत्राने माणसाला हरवण्याची गोष्ट आपण रोज ऐकतो. इथे यंत्र हरलं, आणि तेही अशा कामात की जे यंत्राने अगदी सहज करता येतं.

तिकडे सगळं गोडगोड आहे असं नाही. वाजवणाऱ्यांची वयं वाढताहेत. कितीतरी मनोऱ्यांत घंटा आहेत आणि हात नाहीत. पहिल्या महायुद्धात सुमारे १४०० घंटावादक मारले गेले. शंभर वर्षांनी, २०१८ मध्ये, तेवढेच नवे लोक शिकवायची मोहीम त्यांनी काढली. २०२३ च्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने पुन्हा तसंच केलं. २०२० मध्ये कोविडने मनोरे बंद पाडले, तर कोणीतरी संगणकावर एकत्र वाजवायची सोय काढली आणि घराघरांतून सराव चालू ठेवला. शहरातून आलेले नवे रहिवासी आवाजाबद्दल तक्रारी करतात, तेही आहेच. आणि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. वाजवणाऱ्यांपैकी बरेच जण वाजवून झालं की प्रार्थनेला न थांबता घरी जातात. काहींची देवावर श्रद्धाही नाही. पाद्री कुरकुरतात, पण दार बंद करत नाहीत.

आपल्या देशातही या रीतीच्या घंटा आहेत, आणि त्या कुठे असाव्यात? पुण्यात! गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाच्या उंच मनोऱ्यात लफबरोहून आणलेल्या आठ घंटा आहेत. पंचहौद म्हटल्यावर मराठी वाचकाला घंटा नाही, चहा आठवतो. १८९० साली तिथल्या मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली, आणि त्यावरून रानडे, टिळक यांच्यासकट पुण्यातल्या बड्या मंडळींना धर्मभ्रष्ट ठरवून केवढा गहजब झाला! गोपाळराव जोशींनी तो डाव रचला होता म्हणतात. टिळकांनी प्रायश्चित्त घेतलं. हे मी उगीच सांगत नाही. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, या प्रश्नावर आपण केवढी शक्ती खर्च केली आहे, हे आठवावं म्हणून सांगतो.

तर आता आपल्या देवळाकडे या. गोव्यातल्या देवळांत घंटा एकेकट्याची असली तरी नगारखाना सगळ्यांचा होता. सकाळ-संध्याकाळ नौबत, चौघडा, सनई. आरतीला नगारा, झांज, घंटा. हे वाजवणारे कोण, हे वाचकांना माहीत आहे. देवळाच्या चाकरीला पिढ्यान् पिढ्या बांधलेली घराणी. ज्या समाजाने गोव्याला आणि महाराष्ट्राला थोर थोर गायक-वादक दिले, त्यांच्याच घरच्या माणसांना देवळाच्या पायरीशी काय वागणूक मिळायची, ते मी लिहायला नको. त्यांची मुलं शिकली, नोकऱ्यांना लागली, या चाकरीतून सुटली. अगदी योग्य झालं. त्यांनी परत यावं असं म्हणणारा माणूस एकतर मूर्ख असेल नाहीतर दुष्ट.

पण मग काठी खाली पडली ती उचलली कोणी? कोणीच नाही. आपण यंत्र आणलं.

हे यंत्र तुम्ही पाहिलेलं आहे. लोखंडी सांगाडा, त्यात एक नगारा, दोन झांजा, एक घंटा आणि मागे मोटर. बटण दाबलं की धडाधडा सुरू. सांगाड्यावर रंगवलेलं देणगीदाराचं नाव, वडिलांच्या स्मरणार्थ. आमच्या गावच्या देवळातही ते आहे. आरतीचा वेग आता यंत्र ठरवतं, आणि म्हणणारे त्याच्यामागे धावतात. आरती संपते तरी ते थांबत नाही, कारण बटणाजवळ कोणी नसतं. मग भटजी निरांजन घेतलेल्या हाताने कोणाला तरी खुणा करतात. पावसात वीज गेली की सगळं गप्प. त्या पाच मिनिटांत माणसांचे आवाज ऐकू येतात, आणि आरती किती बरी वाटते! चर्चमध्येही काही ठिकाणी दोराच्या जागी विजेचा हातोडा आला आहे. त्यांचं ते बघतील. पण सांक्रिस्तांव गेला आणि बटण आलं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

समितीतले लोक म्हणतात, माणूस मिळत नाही. हे मला पटत नाही. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं, तिथे माणूस मिळतो. रात्री तीन वाजताही पखवाजावर हात असतो. कला अकादमीच्या भजन स्पर्धेला गावोगावची पथकं येतात, त्यात महिलांची येतात, मुलांची येतात. या स्पर्धेने गोव्याच्या भजनावर मोठे उपकार केले आहेत, हे तिचे टीकाकारही मान्य करतील. आणि ढोलपथकं? पुण्यातल्या असोत की आपल्याकडच्या शिगम्यातल्या, इंजिनियर, डॉक्टर, कॉलेजच्या मुली कंबरेला ढोल बांधून तासन् तास वाजवतात. सगळ्या जातींचे वाजवतात. म्हणजे चामड्याला हात लावायची लाज गेली. छान झालं. पण ती रस्त्यावर गेली, मिरवणुकीत गेली, कॅमेऱ्यासमोर गेली. नगारखान्याच्या माडीवर, जिथे वाजवणारा कोणाला दिसत नाही, तिथे काठी धरायला त्यातला एकही जात नाही.

माझ्या मते खरी अडचण ही आहे. माणूस नाही असं नाही, न दिसता वाजवणारा माणूस नाही. आणि तो तयार व्हावा अशी सोयही आपण केलेली नाही. आपल्या स्पर्धांत एकसारखे कुडते असतात, फेटे असतात, दिवे असतात. परीक्षक पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी पुरस्कर्ते. पथक कुठल्या गावचं हे निवेदक आधीच सांगून मोकळा होतो, आणि गुरूचं नावही. इतकं कळल्यावर परीक्षकाचा कान निर्मळ कसा राहायचा? मी कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नाही. कानाचा स्वभावच तो आहे.

म्हणून मी आमच्या समितीपुढे एक साधी सूचना मांडली. यंत्र विकू नका, राहू दे भिंतीला, वीज महाग झाली की आपोआप बंद पडेल. आठवड्यातून एक संध्याकाळ नगारखाना उघडा. जुन्या घराण्यातले एक-दोन जाणते अजून आहेत. त्यांना गुरू म्हणून, मानधन देऊन, शाल घालून बोलवा, आणि चाकर म्हणून अजिबात नाही. शिकायला गावातली कुठलीही मुलं, मुलीसुद्धा. नावामागचं आडनाव विचारायचं नाही. वर्षातून एकदा आसपासच्या देवळांची स्पर्धा घ्या. परीक्षकांना अग्रशाळेच्या खोलीत बसवा, खिडकी लावून. चहा द्या. पाहुणे नकोत.

शाल आणि मानधनाला कोणाची हरकत नव्हती. मुलींबद्दल दोघा-तिघांनी तोंडं वाकडी केली, पण ज्यांच्या घरी मुली आहेत त्यांनीच त्यांना गप्प केलं. खिडकी लावण्याची कल्पना तर एका महाजनांना इतकी आवडली की त्यांनी अग्रशाळेची खोलीही सुचवली. अडलं ते आडनावापाशी. नगाऱ्याचा मान अमक्या घराण्याचा आहे, तो दुसऱ्या कोणाला कसा द्यायचा, असा प्रश्न निघाला. मी म्हटलं, त्या घराण्यातला शेवटचा माणूस पंचायतीत कारकून आहे आणि त्याला हा मान गेली पंधरा वर्षं नको आहे. त्यालाच विचारा. त्याला विचारायला कोण जाणार, यावर चर्चा झाली. शेवटी मीच गेलो.

तो म्हणाला, "भाऊ, शिकवायला येईन. पण सुरुवातीला मी माडीवर आणि महाजन खाली, असं नको. आधी महाजनांच्या घरचा एक मुलगा माझ्याबरोबर वर पाठवा."

हा निरोप मी समितीला लेखी दिला आहे. पुढची बैठक दसऱ्यानंतर आहे.